तुलनेची माणसं

ताई, काल तुझी शोकसभा झाली. पांढुर्ण्याला, शाळेच्या मोठ्या खोलीत. टेबलावर तुझा फोटो ठेवला होता, तो धनराजच्या लग्नातला, आजूबाजूची माणसं कापून. घरात तुझा एकटीचा धड फोटो निघालाच नाही. कॅमेरा दिसला की तू उठून जायचीस, आणि आता आमची अशी पंचाईत होते. हार मात्र मोठा होता. कापसाचे व्यापारी आले, संत्र्याचे बागाईतदार आले, आमचे मास्तर लोक आले. नदीपलीकडचे सावरगावचेही आले. आणि एकामागून एक उठून सगळ्यांनी तुला नेमकं ते श्रेय दिलं, जे तू स्वतःच्या हातानं परत केलं होतंस.

"आपल्या या लेकीनं साऱ्या दुनियेले दाखवून देल्लं का गोटमारीनं मानसाच्या डोस्क्याले काई होत नाई," असं अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो. मला फक्त एवढं सांगायचं होतं की ताईनं ते नंतर खोडलं होतं, मी चुकले असं ती म्हणाली होती. एक वाक्य. तीस वर्षं फळ्यापुढं उभा राहणारा माणूस मी, माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. मी म्हणालो, "ताईनं गावाचं नाव मोठं केलं. आपण सगळे आलात, आभारी आहे." आणि बसलो. खुर्ची करकरली तेवढी ऐकू आली.

म्हणून हे लिहून राहिलो. तुला सगळं माहीत आहे, तरी मी ओळीनं सांगणार. मास्तर माणूस, पहिल्या धड्यापासून सुरू केल्याशिवाय मला जमत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावचे लोक जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. आपले पांढुर्ण्याचे ते तोडायला उतरतात. दोन्ही काठांवरून दिवसभर गोटे चालतात. बाया-पोरी गच्चीवर. बाकीच्या पोरी झाडाकडं पाहायच्या, तू मात्र पडलेल्या माणसाकडं. तो कसा मटकन बसला, कोणी उठवला, उठून भलत्याच दिशेला कसा चालायला लागला. एकदा संध्याकाळी जेवताना तू बाबांना विचारलंस, "त्या मानसाले आपलं घर सापडलं असन का?" बाबा म्हणाले, "न सापडाले का झालं, नदीच्या बाजूलेच तं हाये." तुझं समाधान झालं नाही. पुढंही कशानंच कधी झालं नाही.

नागपूरला डॉक्टर झालीस, परदेशात मेंदूचं शिकून आलीस, आणि दवाखाना टाकायचा सोडून कॉलेजच्या मागच्या खोलीत उंदीर घेऊन बसलीस. मायला शेवटपर्यंत ते पटलं नाही. शेजारणीनं विचारलं की ती म्हणायची, "एवढी शिकली अन् उंदीर मारून रायली." मी एकदा ती खोली पाहायला आलो होतो. तू उंदराच्या डोक्याला अगदी हलका टोला द्यायचीस, लागला न लागला असा. काही दिवसांनी पुन्हा. मग त्याला त्याच्या ओळखीच्या वाटेवर सोडायचीस आणि तो वाट चुकायचा. एका टोल्यानं नाही, अनेक हलक्या टोल्यांनी. त्याच्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप तू काचेवर लावून मला दाखवलेस. मला काही दिसलं नाही, मी मान हलवली. तू हसलीस, कारण तुला कळलं होतं की मला दिसलं नाही.

त्या दिवाळीला जेवताना तू म्हणालीस, "उंदराचं कळलं रे मन्या. मानसाचं कोन सांगन? मानसाच्या डोस्क्यावर मी टोले नाई मारू शकत." आणि मी, शहाणा, पोळीचा तुकडा मोडत बोलून गेलो, "तुले कायले मारा लागते? गावात दरसाल मारूनच रायले ना." थट्टा होती ती. तू हातातला घास ताटात ठेवलास. या कामाची सुरुवात माझ्या तोंडून झाली हे मी पुढं अभिमानानं सांगत फिरलो. आता कोणी विचारलं तर काय सांगू ते कळत नाही.

मग तू आलीस, पेटारा घेऊन. आपल्या ओसरीवर गोटमारीचे गडी एकेक करून बसायचे. तू त्यांना डोळे मिटायला लावून लवंग, कापूर, हिंग हुंगायला द्यायचीस. एक छोटी गोष्ट सांगायचीस, मध्ये भलतंच काही विचारायचीस आणि मग तीच गोष्ट परत सांगायला लावायचीस. सरळ रेषेवर टाचेला पायाचं बोट लावून चालायला लावायचीस. धनराज, आपला चुलतभाऊ, दरसाल झाडावर कुऱ्हाड घालायला सगळ्यांच्या पुढं. तो हिंग हुंगून म्हणाला, "हे तं आपल्या काकूच्या हातचं वरन हाये." आतून माय हसली. काही जणांना तू नागपूरला नेऊन डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढलास. ते परत येऊन सांगायचे की बाईनं आमच्या डोस्क्याचा रेडू लावला.

पण नुसते खेळणारे तपासून काही कळत नाही, हे तू मला समजावलंस. त्यांच्याच वयाची, त्यांच्याच गावची, तेच खाणारी, तसंच राबणारी, फक्त डोक्याला कधी मार न लागलेली माणसंही पाहिजेत. मग दोघांना शेजारी ठेवून पाहायचं. तू त्यांना तुलनेची माणसं म्हणायचीस. "खेळनारे कमी भेटले तरी चालन, पन ही मानसं पक्की पाह्यजेत," तू म्हणालीस. "तू गावातला, तूच आन."

मी आणली, ताई. कापसाच्या बाजारातून, बगीच्यांतून, स्टेशनवरून, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांतून. प्रत्येकाला विचारायचो, "डोस्क्याले कधी मार लागला का?" नाही म्हणाला की घेतला. फार खटपट पडली नाही. तरी शेवटी एखाददुसरा कमी पडला तेव्हा तू म्हणालीस, तूच बस की. मलाही विचारलंस. मी म्हणालो, नाही. खोटं बोलतो आहे असं माझ्या मनातही आलं नाही. गोष्ट सांगून झाल्यावर तू मला शाबासकी दिलीस, मला ती शब्दन् शब्द आठवली होती.

निकाल आला आणि तू चक्रावलीस. दोन्हीकडची माणसं जवळजवळ सारखी. उंदीर एक सांगत होते आणि पांढुर्णा दुसरंच. तू पुन्हा ताडून पाहिलंस, विद्यार्थ्यांकडून ताडून घेतलंस. शेवटी जे दिसलं ते लिहिलंस: हलक्या मारानं माणसाच्या मेंदूचं कायमचं नुकसान झालेलं आढळलं नाही. छापून आलं आणि त्या लेखाला पाय फुटले. परदेशातले मुष्टियुद्धवाल्यांचे डॉक्टर त्याचा हवाला देऊ लागले, मग फुटबॉलवाले. विद्यार्थ्यांच्या पुस्तकात एका वाक्याखाली तुझं नाव गेलं. सगळ्यांना हवी होती तीच गोष्ट तू सांगितली होतीस, त्यामुळं कोणी उलट प्रश्न केला नाही. तू मात्र उंदरांकडं पाहत राहिलीस. "कुठंतरी मिष्टेक हाये रे," म्हणायचीस. मी म्हणायचो, आता पुरे कर.

गावानं तुझा सत्कार केला. तुझ्या इंग्रजीचं मराठी मी केलं आणि सभेत वाचलं. मग बाजारात सांगितलं, शाळेत सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्याला सांगितलं. आणि धनराजच्या ओसरीवर जाऊनही सांगितलं. त्याला तेव्हा चक्कर यायला लागली होती. सुमनवहिनी मागं लागली होती की आता बस करा, आता पोट्टे खेळतीन. तो जवळजवळ तयार झाला होता. मी तो लेख मांडीवर उघडून म्हणालो, "वहिनी, घाबरू नका. लहान गोट्यानं डोस्क्याचं काई बिघडत नाई. तपासून लिवलं हाये." धनराज बायकोकडं पाहून म्हणाला, "पाह्य. कुमुद म्हणते." पुढच्या पोळ्यालाही तो उतरला आणि त्याच्या पुढच्याही.

मग बाबा गेले. दहाव्याला नदीवर मुंडण करून मी घरी आलो. तू टॉवेल दिलास आणि माझ्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवलास, लहानपणी फिरवायचीस तसा. हात कानाच्या मागं थांबला.

"हे का होय?"

"कोठी?"

"हे. टाके घातल्यासारखं."

"ते होय," मी म्हणालो. "ते देवीचं हाये. मॅट्रिकच्या साली नदीवर गेलो होतो ना."

"मतलब गोटा लागला होता."

"लागला नाई म्हनत त्याले, ताई. भभूत भरली होती."

हे आता मी लिहितो तेव्हा मलाच विचित्र वाटतं, पण तेव्हा ते तोंडातून श्वासासारखं निघालं. आपल्याकडं गोटा लागला की देवीच्या देवळातली भभूत, तिथली राख, जखमेत भरतात. एकदा भभूत भरली की तो मार राहत नाही. त्यानंतर मला लागलं होतं म्हणणं म्हणजे देवीच्या भभुतीला उणं बोलणं. म्हणून कोणी म्हणत नाही, घरच्यांनाही नाही, डॉक्टरलाही नाही. नदीत दरसाल उतरणारे ते खेळणारे. बाकी आम्ही तरुणपणी एकदा, दोनदा, हौसेनं गेलेले, भभूत लावून घेतलेले, आम्ही सगळे न लागलेले. तू पोरगी होतीस, गच्चीवर होतीस, देवळात भभूत भरताना तिथं नव्हतीस, आणि लवकर नागपूरला गेलीस. तुला कसं कळणार? मला माहीत होतं. ही तुला सांगायची गोष्ट आहे, एवढंच मला माहीत नव्हतं.

तू ओसरीवर बसलीस. आत पाहुण्यांची पानं मांडत होते. मग म्हणालीस, "मन्या, तू आनलेल्या मानसांतले आनखी किती असे असतीन?" एकेकाचा चेहरा माझ्या डोळ्यापुढून जायला लागला.

तेरावं होऊ द्यायलाही तू थांबली नाहीस. दुसऱ्या दिवशी कापसाच्या बाजारात गेलीस आणि एकेका गड्याला पुढ्यात बसवून केसांत बोटं घालून डोकं चाचपायला लागलीस. बाप मेला आहे, सुतक आहे, आणि बिनलग्नाची बाई भरबाजारात पुरुषांच्या डोक्यात हात घालून राहिली, असं गाव बोलायला लागलं. मी तुला हाताला धरून बाजूला नेलं. "लोकायचा तरी विचार कर," मी म्हणालो. तू म्हणालीस, "लोकायचाच करून रायली." तुझ्या तुलनेच्या माणसांतली पुष्कळ माणसं तशीच निघाली, ताई. प्रत्येकानं हसून सांगितलं, ते देवीचं हाये. म्हणजे तू मार लागलेल्यांना मार लागलेल्यांशीच ताडून पाहिलं होतंस. सारखेच येणार होते.

त्यानंतरचं आपलं भांडण आठवतं तुला? सौंसरला, माझ्या नोकरीच्या गावी, घरात चुलीजवळ, आपल्या दोघांच्याही चहावर साय धरली होती. मी म्हणालो, कोणाला कळणार आहे? तू म्हणालीस, मले कळलं ना. मी म्हणालो, नाव जाईल, इतक्या वर्षांचं काम जाईल. मग खरं कारण बाहेर आलं: गावाला मी काय तोंड दाखवू? तू शांतपणे म्हणालीस, "मानसं तू आनली, पन सवाल माहा होता. लागला का म्हनून इचार, असं मी सांगतलं. हात फिरवून पाह्य, असं नाई सांगतलं. चूक माही हाये." मी ते पटकन मान्य केलं. तू माझ्या डोक्यावरचं ओझं उचललंस आणि मी ते उचलू दिलं, याची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी भभुतीचीही वाटत नाही.

तू दुसरा लेख लिहिलास. लहानसा, सरळ. माझी तुलनेची माणसं चुकीची होती, माझा निष्कर्ष धरू नये. छापायलाही त्यांनी वेळ लावला. तो लेख जागेवरच बसून राहिला. पहिल्याचे हवाले येतच होते, तू परदेशात एकेकाला कळवत होतीस, कोणी उत्तर द्यायचे, कोणी नाही. गावात कोणीतरी उठवलं की गोटमार बंद करायला सरकारनं हिच्याकडून लिहून घेतलं. ज्यांनी शाल घातली होती ते तू स्टेशनवर दिसलीस की वर्तमानपत्रात तोंड घालायचे. दुसऱ्या लेखाचं मराठी कर, असं तू मला म्हणाली होतीस. मी हो म्हणालो होतो. परीक्षा आल्या, मग सुट्ट्या आल्या.

तू पुन्हा पहिल्यापासून काम मांडलंस. या वेळी तुलनेची माणसं रामाकोना आणि बोरगावची, जिथून गोटमारीला क्वचित कोणी जातं, आणि तीही आधी डोक्यावरून हात फिरवून घेतलेली. नागपूरहून छोट्या लाइनीच्या गाडीनं यायचीस. मला म्हणालीस, संग चाल, तुले लोक ओळखतात. मी पेपर तपासायचे आहेत म्हणालो. पेपर होतेही, ते मी संध्याकाळी तपासू शकलो असतो. एकदा तू रामाकोन्याहून परतताना माझ्याकडं आलीस आणि दारातूनच साबण मागितलास. बोटं तेलानं चिप्प झाली होती. "किती तेल चोपडतात रे बाप्पा," म्हणालीस आणि हसत हसत मोरीत हात धुवायला वाकलीस, ती तशीच वाकलेली राहिलीस. पोटात कळ आली होती. खाल्लं नाही म्हणून असेल, असं आपण दोघंही म्हणालो.

या वेळी फरक दिसत होता. गोष्ट परत सांगताना गोटमारीचे गडी मधलं गाळत होते, रामाकोन्याचे गाळत नव्हते. उंदीर खरे निघाले होते. तू लिहायला घेतलंस आणि पोटाच्या त्याच कळेनं दवाखान्यात गेलीस. ते अर्धं राहिलं. तुझी विद्यार्थिनी तुझ्या तेराव्याला आली होती, ती म्हणते मी पुरं करीन. तिनंच मला सांगितलं की आता त्यांच्या खात्यात कोणी माणसाला नुसतं लागलं का असं विचारून थांबत नाही, आधी डोक्यावरून हात फिरवतात, आणि त्या हात फिरवण्याला मुलांनी तुझं नाव दिलं आहे. कुमुदबाई केली का, असं विचारतात म्हणे. कोणत्या पुस्तकात ते छापलेलं नाही. मला वाटलं, तुला आवडलं असतं, आणि तू त्या मुलांना रागावलीही असतीस.

आणि धनराज. त्याला आता काल झालेलं राहत नाही. संत्र्याच्या बगीच्यातून घरी येताना चुकतो, कोणीतरी हाताला धरून आणतं. नागपूरला नव्या आलेल्या मशीनवर तू त्याच्या डोक्याचा फोटो काढवलास. तरी तू म्हणायचीस की एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, धनराजचं कशानं झालं ते सांगता येत नाही. तुला येत नसेल. मला येतं. मी त्या ओसरीवर बसलो होतो. पांढुर्ण्याला आलीस की तू आधी त्याच्याकडं जायचीस आणि दर वेळी त्याचा हात धरून सांगायचीस, "धनराज, मी चुकली होती. गोट्यानं होते." तो दर वेळी मान हलवायचा आणि विसरायचा. मी एकदा चिडून म्हणालो, कशाला जीव जाळतेस, त्याच्या डोक्यात राहत नाही. तू म्हणालीस, "त्याच्या डोस्क्यात राहत नाई म्हनून मी सांगनं सोडू का?"

दवाखान्यात शेवटी शेवटी तू मला एकच गोष्ट मागितलीस. म्हणालीस, "गाववाले सभा-गिभा घेतीन. मंग तू सांगजो. मराठीत सांगजो." मी तुझ्या पायावरचं पांघरूण नीट करत हो म्हणालो. असं हो म्हणणं मला चांगलं जमतं.

आज सकाळी मी धनराजकडं गेलो. का गेलो सांगता येत नाही, घरी बसवेना. सुमनवहिनी सूप घेऊन ओसरीवर बसली होती. तिनं बसा म्हटलं नाही. तांदूळ पाखडत राहिली आणि मग म्हणाली, "भाऊजी, काल मी गज्याले जबरदस्तीनं सभेत आनलं होतं."

गजानन, तिचा पोरगा, विशीचा झाला. अंगणात कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होता. बापाची कुऱ्हाड. पोळा तोंडावर आला आहे.

"म्हटलं, तुमच्या तोंडून आयकन," वहिनी म्हणाली. "माह्यं तं आयकत नाई. म्हटलं, काका सगळ्यायच्या समोर सांगतीन का कुमुदबाईनं मागून काय लिवलं. तुमी आभार मानले अन् बसले."

मी उठून अंगणात गेलो. त्याला म्हणालो, गजानन, तुझी आत्या नंतर म्हणाली होती की ते चुकलं. गोट्यानं होतं. तुझ्या बापाकडं पाहा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. पाचर ठोकली, कुऱ्हाड हातात तोलून पाहिली आणि म्हणाला, "काका, मंग काल काऊन नाई सांगतलं? काल सगळे होते. मले एकट्याले सांगून रायले, मतलब तुमालेच पक्कं नाई."

तेवढ्यात धनराज आतून आला. मला पाहून त्याला आनंद झाला, त्याला माणसं ओळखू येतात अजून. बाजेवर बसला आणि म्हणाला, "मन्या, कुमुद कवा येऊन रायली?"

वहिनीचं सूप थांबलं. मी त्याच्या शेजारी बसलो, त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं की कुमुद गेली, धनराज. तो रडला. तेराव्याला रडला होता तसाच, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मग मी तेही सांगितलं, की जायच्या आधी ती म्हणाली होती, मी चुकले, गोट्यानं डोक्याचं बिघडतं. त्यानं मान हलवली. वहिनीनं पाणी आणलं, तो प्यायला, तोंड पुसलं. थोडा वेळ अंगणाकडं पाहत राहिला. पोराच्या हातातली कुऱ्हाड त्याला दिसली आणि त्याचा चेहरा उजळला.

"गज्या, तू जातं का आवंदा?" तो म्हणाला. "जा. घाबरू नोको. लहान गोट्यानं डोस्क्याचं काई बिघडत नाई. कुमुदनं तपासून लिवलं हाये."

माझे शब्द होते ते, ताई, जसेच्या तसे. सगळं गेलं त्याच्या डोक्यातून आणि मी सांगितलेलं राहिलं.

गज्या माझ्याकडं पाहत होता. रस्त्यावरून बाजाराला निघालेली माणसं जात होती, त्यांतले काही काल सभेत पुढच्या रांगेत बसलेले. मी ओसरीच्या पायरीवर येऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो आणि मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात सांगायला लागलो, माझ्या बहिणीचं चुकलं होतं आणि ती चुकीची माणसं मी आणली होती. पहिला माणूस थांबला. मी पुढं सांगत राहिलो.